लिंबू कापल्यावर

(पडद्यावर: फरशीवर लिंबाच्या दोन फोडी. लांबून हलगीचा आवाज.)

तलवारीनं लिंबू कापलं की टाळ्या पडतात. मर्दानी खेळाच्या प्रात्यक्षिकातला हा क्षण सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतो. पुढचं कुणी टिपत नाही. पात्यावर लिंबाचा रस राहतो, तो पुसायचा राहिला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं करडा डाग उमटलेला असतो. आंबटानं पोलाद खाल्लेलं असतं.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या या घरात असे तीन डाग आहेत, आणि शस्त्रपूजेची खंडेनवमी चार दिवसांवर आली आहे.

(अंगण. पोत्यावर दोन तलवारी.)

वस्तादांनी दोन तलवारी समोर मांडल्यात. एक खेळातली. गाडीच्या कमानपाट्याच्या पोलादाची, हाताला जड, अंगावर वार झेललेली. दुसरी घराण्यातली, वर्षभर माळ्यावर असते आणि नवरात्रात खाली येते. पाऊस आत्ताच ओसरलाय. जून ते सप्टेंबर कोल्हापुरातल्या जुन्या घरांच्या भिंती घामेजलेल्या असतात. माळ्यावरच्या लोखंडाला त्यातून सुटका नाही.

दोघींना गंज चढलाय, पण दोघींवरचा उपाय सारखा नाही. वस्तादांच्या नातीला हे मान्य नाही. तिला दोन्ही चकचकीत हव्यात.

“आज्जा, मी घासतो की.”

“घास. पर आधी खेळातली. आन् धार माझ्याकडं नगं, भिताडाकडं कर.”

कोल्हापूरच्या पोरी ‘घासतो’ म्हणतात. बाहेरच्या प्रेक्षकांनी दचकू नये.

(जवळून: लाकडी फळीवर शिकंज्यात धरलेलं पातं.)

पातं हातात धरून घासायचं नसतं. फळीवर पोतं, पोत्यावर पातं, वरून शिकंजा. हात पाठीकडून धारेकडे जातो, उलटा कधीच नाही. धारेला दोन ठिकाणी दाते पडलेत, ते आधी बारीक कानशीनं काढायचे. दाता जितका खोल, तितकी अख्खी धार मागं न्यावी लागते. म्हणून वस्ताद खोल दाता असला तर तसाच ठेवतात. “पुढच्या चार वर्षांत जाईल आपोआप,” म्हणतात.

मग दगड. धार नेमकी कुठं लागतेय हे डोळ्याला कळत नाही, म्हणून नातीनं शाळेतलं काळं मार्कर पेन आणलंय. धारेच्या कडेला काळी रेघ ओढायची, दगडाचे दोन-तीन हात मारायचे आणि बघायचं. रेघ फक्त वरच्या बाजूला पुसली गेली तर दगड जास्त आडवा झालाय. फक्त धारेच्या अगदी कडेला गेली तर जास्त उभा. स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षा हा कोन जाड ठेवायचा, नाहीतर पहिल्याच वाराला धार दुमडते. एका बाजूनं पुरेसं घासलं की पलीकडच्या कडेला पोलादाचं बारीक कुसळ उभं राहतं. ते बोटाला जाणवलं की बाजू बदलायची. शेवटी न्हाव्याच्या दुकानात असतो तसल्या चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा फेऱ्या, म्हणजे कुसळ गळून जातं. धार आली का, ते अंगठ्यानं तपासू नका. कालचं वर्तमानपत्र पुरतं.

(आवाज: पॉलिश पेपरची एकसुरी खसखस.)

झिलईचं काम मात्र चिवट. पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा. २२० नंबर, मग ४००, ६००, १०००. गंमत दिशेत आहे. २२० आडवा मारला तर ४०० उभा. आडवे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. घाई केली की शेवटी सगळं आरशासारखं चमकतं, आणि उन्हात धरलं की २२०चा एक ओरखडा आतून हसतो. मग परत मागं.

नातीला तीन वेळा मागं जावं लागलं. आम्ही ते सगळं चित्रित केलंय. तुम्हाला दाखवत नाही.

(घराण्यातली तलवार. कॅमेरा पात्यावरून हळू सरकतो.)

हिच्यावर कानस नाही, दगड नाही, पॉलिश पेपरही नाही. मशीनच्या तेलात भिजवलेला सुती कपडा, आणि गंजाचा पापुद्रा जिथं घट्ट आहे तिथं अगदी बारीक लोखंडी लोकर, तीही तेलातच. तांबूस गंज अजून खातोय, तो काढायचा. काळपट थर बसून गेलाय, त्याला हात लावायचा नाही.

मुठीजवळ दोन चंद्रकोरींसारखी, दातेरी खूण आहे. मराठ्यांच्या तलवारींवर युरोपातून आलेली पाती खूप बसवली जात. त्या तलवारीला फिरंग म्हणत. अशा खुणा तिकडच्या पात्यांवर असत, आणि आपल्या लोहारांनीही त्या हुबेहूब उठवल्या. ही खूण अस्सल की नक्कल, हे जाणकारच सांगेल. पण पॉलिश पेपरच्या तीन फेऱ्यांत ती गेली असती, मग जाणकार काय सांगणार? काही जुन्या पोलादात जौहर असतं, पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षी. तीही घासून जाते. पूर्वीचे कारागीर ती हिराकशीच्या पाण्यानं परत उठवायचे.

माझ्या मामाच्या घरची तलवार एका वर्कशॉपात दिली होती. बफिंगच्या मोटरवर अर्ध्या तासात झाली. घरी आली तेव्हा स्टीलच्या ताटासारखी लखलखत होती, मुठीवरची चांदीच्या तारेची नक्षी गायब, आणि धारेवर एक निळा पट्टा. पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं की असं निळं होतं. तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं असतं. मामा खूश होता. मीही तेव्हा टाळ्याच वाजवल्या.

या कामाला आपल्याकडं शब्द होता, शिकल. शस्त्रांना शिकल करणारा तो शिकलगार. आज कोल्हापूर-सांगलीत शिकलगार तुम्हाला आडनावात भेटतील. कुणी शिक्षक, कुणी रिक्षावाले.

मुठीबद्दल एक सांगायचं राहिलं. जुन्या मुठीत पातं लाखेनं बसवलेलं असतं. गरम पाण्यानं धुतली, उन्हात तापवली की लाख मऊ पडते आणि मूठ हलायला लागते. आणि म्यान. चामड्याचं म्यान ओल धरून ठेवतं, म्हणून घराण्यातली तलवार तेलाच्या फडक्यात वेगळी आणि म्यान वेगळं. आज्जीचं खोबरेल चालेल का, असं नातीनं विचारलं. थंडीत गोठतं, नंतर चिकट होतं. मशीनचं तेलच बरं.

कागदपत्रांचंही बघा. शस्त्र अधिनियम, १९५९ तलवारीला शस्त्रच मानतो, ती पूजेची असली तरी. ती नाचवत रील काढून मग पोलीस ठाण्यात बाकावर बसायचं, यात मर्दानी काही नाही.

(खंडेनवमी. देवघर. दोन्ही तलवारी पाटावर.)

आता खरी अडचण. पूजा म्हणजे हळद, कुंकू, पाणी, ओली फुलं. चार दिवसांची मेहनत आणि आता त्यावर ओलं कुंकू.

वस्ताद म्हणतात, संध्याकाळी पुसून घेतो. आज्जी म्हणते, दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत पूजेला हात लावायचा नाही. तिच्या मते हा विषय संपलेला आहे.

नातीनं वाट काढली. कुंकू मुठीवर. झेंडूचा हार म्यानावर. पात्यावर फक्त कोरडी अक्षता.

आज्जीनं बराच वेळ पाटाकडं बघितलं. मग करंगळी कुंकवात बुडवली आणि पात्याच्या मधोमध एक टिकली लावलीच.

(रात्र. देवघराचा दिवा. वस्ताद फडकं घेऊन पाटाशी बसलेत, स्वयंपाकघराकडं बघत.)