डावं पान

ठाण्याचा मासुंदा तलाव. सकाळचे पावणेसात. चालायला आलेल्यांची दुसरी फेरी सुरू आहे. कोपिनेश्वराच्या बाजूनं घंटा ऐकू येतेय. तलावाकाठच्या ठरलेल्या बाकावर काकू बसल्यात, मांडीवर दोनशेपानी वही. नाव सांगायचं नाही, ही त्यांची अट.

काकूंनी उभी नोकरी नौपाड्यात, एका औषधाच्या दुकानाचे हिशेब लिहिण्यात काढली. "रोजमेळ रोज घातला नाही तर आठवड्यानं पैसे जुळत नाहीत रे. पाहिलेल्याचंही तसंच असतं."

निवृत्तीनंतर त्यांनी एक पद्धत धरली. उजव्या पानावर आजचं लिहायचं, डावं पान कोरं सोडायचं. महिन्याभरानं उजवं पान मोठ्यानं वाचायचं आणि तेच डाव्या पानावर पुन्हा लिहायचं. नऊ वर्षं झाली.

रोज लिहा, हा सल्ला फुकट मिळतो. पण नुसतं रोज लिहिलं तर रोजच्या चुकाही वळणदार होतात. काकूंची पहिली वही बघा. उजवं पान: ‘प्रातःकालीन मंद समीरात तलावाचे जल नयनरम्य भासत होते.’

काकू हसतात. "हे मी नाही लिहिलेलं. दहावीच्या निबंधानं लिहिलंय."

डावं पान, शाई वेगळी: ‘होडीवाल्यानं रात्री पालथी घातलेली होडी सरळ केली. खालून मांजर निघालं. आळस देऊन ते शेजारच्या होडीखाली गेलं.’

मग मांजर महिन्याभरानं कुठून आलं?

"त्या दिवशीही होतंच की. लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं."

चौथ्या वहीत त्यांचा राग क्रियापदांवर निघालाय. सोसायटीच्या गणपतीचं वर्णन आहे: ‘आरती करण्यात आली. प्रसादाचे वाटप करण्यात आले.’ दोन्हीकडे पेन्सिलीनं एकच शब्द: ‘कोणी?’ समोर उत्तर: ‘तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी आरती धरली. दुसऱ्या कडव्याला त्यांचा दम संपला. पुढचं नातवानं ओढून नेलं.’

सगळीच पानं भरलेली नाहीत. ‘आज नाही. पाहुणे.’ ‘आज नाही. कंटाळा.’ एका पावसाळ्यात सलग अकरा दिवस नुसतं ‘आज नाही’. आम्ही विचारलं, काकूंनी पान उलटलं. आत एक घडी घातलेलं पत्र होतं, कुठल्याशा दिवाळी अंकाचं. साभार परत. त्या ते वाचनखूण म्हणून वापरतात.

दुपारी त्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जातात. ही संस्था १८९३ सालची. ती उभारणाऱ्या विनायक लक्ष्मण भाव्यांनी जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला, ‘महाराष्ट्र सारस्वत’. आधी तो छोटेखानी निघाला. मग भाव्यांनी त्यात भर घातली, आणि १९१९ साली मोठा ग्रंथ झाला. मध्ये वीसेक वर्षं गेली.

"बघ," काकू म्हणतात, "भाव्यांचं डावं पान केवढं मोठं होतं."

आम्ही चित्रीकरण केलं त्या दिवशी काकूंना काही सुचेना. समोर कॅमेरा, मागं बघ्यांची गर्दी. शेवटी त्यांनी उजव्या पानावर लिहिलं: ‘आज कॅमेरावाली मुलं आली होती. चांगली आहेत.’ वाचून त्यांनीच तोंड वाकडं केलं. "महिन्याभरानं या."

आम्ही गेलो. वही त्यांनी आमच्या हातात दिली आणि शेंगा आणायला उठल्या. डाव्या पानावर तीन ओळी होत्या:

‘तिघांतल्या एकाच्या चपलेचा अंगठा तुटला होता. दिवसभर तो पाय ओढत चालला. माझ्याशी बोलताना तेवढा पाय दुसऱ्या पायामागं लपवायचा.’

ती चप्पल माझी होती.