जाम इंजिन, शाबूत गिअरबॉक्स

धुळे-जळगाव महामार्गालगत, पारोळ्याच्या अलीकडे, कडुनिंबाच्या सावलीत उभी असलेली ही गाडी २५ वर्षांची आहे आणि तिचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे. खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशाच एका दुपारी रेडिएटरचा होज फुटला, काटा लाल रेषेवर गेल्यानंतरही गाडी हाकली गेली आणि इंजिन जाम झाले.

क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा; त्याच्या टोकावरील पुलीच्या बोल्टवर लावलेल्या पान्याला पाइप जोडून मिस्त्री त्यावर अंगाचा सगळा भार टाकत आहेत. प्लग काढून सिलिंडरमध्ये ओतलेले तेल आठ दिवस मुरले आहे, तरीही पुली केसभरही हलत नाही.

खरी अडचण येथून सुरू होते. क्लचच्या गाडीत बेल हाउसिंगचे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यावरील आवरणाचे, बोल्ट सोडले की इंजिन मागच्या गिअरबॉक्सपासून सुटे होते. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग, इंजिनाच्या फ्लेक्सप्लेटला (क्रँकच्या मागच्या टोकावरील पातळ चकतीला), गाडीनुसार साधारण तीन ते सहा बोल्टांनी जखडलेला असतो. खालच्या लहानशा खिडकीतून एका वेळी एखादाच बोल्ट पान्याच्या टप्प्यात येतो आणि पुढचा समोर आणण्यासाठी क्रँक फिरवावा लागतो. येथे तर क्रँकच अडकला आहे.

अशा वेळी गॅस कटरने प्लेट कापून टाका, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. या मिस्त्रींनी ते ऐकले नाही, आणि आम्हाला दाखवायचे होते ते हेच काम. त्यांनी दोन्ही एक्सल ओढले, वायरिंग एकेक जोड सोडवून बाजूला बांधले, फाउंडेशन (इंजिन गाडीला धरून ठेवणारे आधार) खोलले आणि इंजिन व गिअरबॉक्स एकत्रच चेन पुलीवर उचलले. खाली ओंडक्यांवर टेकवल्यावर बेल हाउसिंग सोडून, कन्व्हर्टर इंजिनालाच राहू देऊन, दोन्ही भाग अगदी सरळ रेषेत बोट-बोटभर दूर केले. जरा तिरपे ओढले असते, तर गिअरबॉक्समधल्या ऑइल पंपाला आणि त्याच्या सीलला इजा झाली असती. ट्रेमध्ये पडणारे लाल तेल कन्व्हर्टरमधले आहे. आता हाउसिंगचा आडोसा उरलेला नाही, त्यामुळे क्रँक न फिरवताही बोल्टांपर्यंत पाना पोहोचतो.

इंजिन बांधायचे की दुसरे बसवायचे, हे मालक ठरवणार आहेत. दोन्हींचा खर्च मोठा आहे. तोवर धूळ आत जाऊ नये म्हणून मिस्त्रींनी गिअरबॉक्सच्या तोंडावर धुतलेले सुती फडके ताणून बांधले आहे.