खंडाळ्याची झाडं ओळखणारे फादर

(दृश्य: पावसाळी बोरघाट. धुक्यातून वर चढणारी रेल्वेगाडी.)

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी खंडाळ्याला आली की आपली नजर धबधब्यांवर जाते. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव इथं यायचे ते कड्याकपारीतली रोपटी बघायला.

जन्म १९०३ सालचा, स्पेनमधला. येशूसंघ (जेझुइट) या ख्रिस्ती धर्मसंघातले तरुण म्हणून १९२८ मध्ये ते भारतात आले. पुढं लंडनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकले आणि १९४० पासून मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजात शिकवू लागले. कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह होता. स्विस धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर यांनी उभा केलेला हा संग्रह आज ब्लॅटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो.

(दृश्य: हर्बेरियममधलं कपाट. एक शीट टेबलावर उघडली जाते.)

हा कागद बघा. टिपकागदांत दाबून वाळवलेली फांदी, एक पान उताणं आणि एक पालथं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिरा दिसाव्यात. खाली कोपऱ्यात चिठ्ठी: जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, नमुन्याचा क्रमांक. ही चिठ्ठी नसेल तर नमुना जवळजवळ निरुपयोगीच.

त्या काळी आपल्याकडच्या झाडांसाठी मुख्य आधार होता थिओडोर कुक यांच्या ग्रंथाचा. १९०१ ते १९०८ दरम्यान निघालेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा हा ग्रंथ त्यांनी भारतातली नोकरी संपल्यावर इंग्लंडमध्ये लिहिला, तोही बराचसा वाळलेल्या नमुन्यांवरून. ग्रंथ थोरच, आजही लागतो. पण वाळलेल्या फुलाचा रंग उडतो, वास जातो, ते कुठल्या महिन्यात किती दिवस टिकतं हेही कळत नाही. सांतापाव यांनी ग्रंथ हाती घेऊन जिवंत झाडं तपासली. त्याच त्या जागी, वेगवेगळ्या ऋतूंत, पुन्हा पुन्हा.

(दृश्य: कारवीनं भरलेला उतार.)

एका फेरीत झाड का कळत नाही, हे कारवीला विचारावं. कुडाच्या भिंतींना हिच्याच काठ्या लागायच्या, त्यामुळे डोंगरातल्या माणसाला ही घरचीच. सात-आठ वर्षं ती नुसती पानांवर असते. मग एका पावसाळ्याच्या शेवटी उतारच्या उतार जांभळे होतात, मधमाश्यांची झुंबड उडते, बी धरतं आणि झुडूप मरून जातं. मधल्या वर्षी आलेल्याला फूल दिसणारच नाही. कारवी, तिच्या जवळच्या जाती आणि बांबू यांच्या अशा एकगठ्ठा फुलोऱ्यावर फादरांनी १९६२ मध्ये लेख लिहिला. वर्षानुवर्षं डोंगर न सोडणाऱ्या माणसालाच असला लेख लिहिता येतो.

खंडाळ्याच्या वनस्पतींवरचं त्यांचं पुस्तक १९५३ मध्ये आलं. नंतर पुरंदर आणि सौराष्ट्र इथल्या वनस्पतींवरची पुस्तकं. आमरींवरचं, म्हणजे ऑर्किडांवरचं, काम वनस्पतिशास्त्रज्ञ कपाडिया यांच्या जोडीनं. १९६१ ते १९६७ ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक होते. १९६७ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७० च्या जानेवारीत मुंबईत त्यांचं निधन झालं.

(दृश्य: कंदीलपुष्पाचा जवळून घेतलेला शॉट.)

महाराष्ट्रातल्या एका कंदीलपुष्पाला त्यांचं नाव आहे, सेरोपेजिया सांतापावी. कंदीलपुष्पाच्या नळीत आतून केस असतात. इवलीशी माशी आत शिरते, केसांमुळे तिला माघारी फिरता येत नाही. फूल मलूल होऊन केस सैलावले की ती पराग घेऊन सुटते.

(दृश्य: द्रुतगती मार्ग, डोंगरउतारावरचे बंगले.)

आता खंडाळ्यातून द्रुतगती मार्ग जातो, उतारांवर बंगले चढलेत. इथलं काय गेलं आणि काय तगलं हे ठरवायचं तर आधी काय होतं ते माहीत हवं, आणि ते १९५३ च्या त्या पुस्तकात नावानिशी, जागेनिशी आहे. इथली झाडं पुन्हा मोजायला निघणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं ते सोबत घ्यावं, आणि निदान एक अख्खं वर्ष तरी इथं येत राहावं.