अलंगला आलेली ‘फ्रान्स’

मित्रहो, जुन्या प्रवासी बोटींसाठी हळहळणारी मंडळी झुंबरं, नाचाचे दिवाणखाने, साग्रसंगीत जेवणं आठवतात. हळहळ मलाही वाटते, पण थाटमाटासाठी नाही. तो आजच्या क्रूझवर जास्तच असतो. त्या जुन्या बोटीत चढलेल्या माणसाला पलीकडे पोचायचं असे, आणि पोचायला दुसरा मार्ग नसे. 1931 साली गोलमेज परिषदेसाठी डॉ. आंबेडकर ‘मुलतान’ने आणि गांधीजी ‘राजपुताना’ने मुंबईहून निघाले, ते समुद्राची हवा खायला नव्हे.

आज एकाच बोटीबद्दल बोलतो. तिचं नाव ‘फ्रान्स’. फ्रान्समधल्या सॅं-नाझेरच्या गोदीत ऑक्टोबर 1957 मध्ये तिची बांधणी सुरू झाली. लांबी 316 मीटर, वेग 30 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 55 किलोमीटर; फ्रान्सच्या ल आव्र बंदरापासून न्यूयॉर्क पाच दिवस. वर्षभरातच, ऑक्टोबर 1958 मध्ये, आधी ब्रिटिशांचं कॉमेट हे जेट विमान आणि मग अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीचं बोइंग 707 अटलांटिक ओलांडू लागलं. काही तासांत! 1962 साली ‘फ्रान्स’ पहिल्या सफरीला निघाली तेव्हा तिचं गिऱ्हाईक विमानात जाऊन बसू लागलं होतं.

सरकारी अनुदानावर ती बारा वर्षं चालली. 1973 च्या तेलसंकटात इंधन भडकलं, 1974 मध्ये अनुदान थांबलं. तेव्हा खलाशांनी बोट ताब्यात घेतली आणि ल आव्र बंदराच्या तोंडाशी नांगरून ठेवली. त्याने बोट बंद करण्याचा निर्णय बदलला नाही. तरी त्या माणसांविषयी मला फार आदर वाटतो.

पुढे नॉर्वेच्या क्नूट क्लोस्टर यांनी ती विकत घेतली. 1980 पासून ती ‘नॉर्वे’ या नावाने कॅरिबियनमध्ये फिरू लागली. इथे थोडं तंत्र सांगायलाच हवं. बोटीला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा करा, ताकद ढोबळमानाने आठव्या हिश्शावर येते. म्हणून क्लोस्टर यांनी पुढचं इंजिनघर बंद केलं, बोट ढकलणाऱ्या चार पंख्यांपैकी (प्रॉपेलर) दोन काढून टाकले. मायामीहून निघून मायामीलाच परतायचं, तर घाई कशाची? अटलांटिकच्या लाटांसाठी बांधलेलं तिचं बूड तर इतकं खोल, की बेटांच्या लहान बंदरांत शिरताच येईना. प्रवाशांना किनाऱ्यावर न्यायला दोन मोठ्या होड्या तिच्या पुढच्या डेकवर चढवाव्या लागल्या. जी ताकद, जो खोल बांधा तिचं वैभव होतं, तेच आता ओझं झालं. मला वाईट वाटतं ते या गोष्टीचं.

2003 मध्ये मायामीला बॉयलर फुटून आठ कर्मचारी गेले. 2006 मध्ये ती गुजरातेत अलंगला, जुनी जहाजं तोडतात त्या किनाऱ्यावर आली. तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून, म्हणजे फुप्फुसांना घातक अशा तंतुमय खनिजावरून, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2007 मध्ये तोडायची परवानगी मिळाली. पुढचं टोक कापून फ्रान्सला नेलं, ते आता ल आव्रला उभं आहे. बाकीची बोट कामगारांनी गॅसकटरने कापली. अलंगला हे काम करणारे बहुतेक ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले असतात, आणि तिथल्या पोलादापासून भावनगरकडच्या कारखान्यांत इमारतींसाठी सळया होतात.