शिल्प होऊन उभे राहिलेले पोशाख

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरकराला कापड ओळखायला शिकवावे लागत नाही; चादरीचा पदर चिमटीत धरला की वीण घट्ट आहे की विरळ, हे त्याची बोटेच सांगतात. म्हणूनच कलादालनात शिल्प म्हणून मांडलेल्या पोशाखांविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. असा पोशाख दिसला की ‘हे घालणार कोण?’ असा प्रश्न हमखास येतो आणि हसण्यावारी जातो. मला मात्र तो प्रश्न अतिशय मोलाचा वाटतो, कारण पाहण्याची खरी सुरुवात तिथूनच होते.

अमेरिकी कलावंत निक केव्ह यांचे उदाहरण घेऊ. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला केलेल्या मारहाणीची चित्रफीत देशभर दाखवली गेली. स्वतः कृष्णवर्णीय असलेले केव्ह त्या अस्वस्थतेत शिकागोच्या एका उद्यानात बसले असताना त्यांना जमिनीवर पडलेल्या, कुणाच्याच लेखी नसलेल्या काटक्या दिसल्या. त्या गोळा करून, तोडून, भोके पाडून त्यांनी तारेने एकेक काटकी जोडली आणि डोक्यापासून पायापर्यंत झाकणारे एक शिल्प तयार केले. ते अंगावर चढवून हालचाल करताच काटक्या एकमेकींवर घासून आवाज करू लागल्या, आणि ‘साउंडसूट’ जन्माला आला. आत कोण आहे, स्त्री की पुरुष, कोणत्या वर्णाचा, हे बाहेरून कळत नाही. ज्या कातडीवरून माणसाला मार बसतो, ती कातडीच इथे दृष्टीआड होते.

जपानच्या आत्सुको तानाका यांनी १९५६ मध्ये रंगवलेले दिवे आणि विजेच्या नळ्या यांचा पोशाख करून तो स्वतः अंगावर घेतला होता. आज त्याची पुनर्निर्मिती आत कुणी नसताना उजळते. तिच्यासमोर थांबावे, त्या असंख्य तारांचा भार खांद्यांवर कसा आला असेल, एवढे दिवे अंगालगत किती तापले असतील, याचा अंदाज घ्यावा; नुसत्या झगमगाटावर समाधान मानू नये.

आपल्याकडे गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घातलेला भक्त उंच नंदीध्वज पेलून चालतो, तेव्हा त्या वस्त्राला जो डौल येतो, तो घडी घालून कपाटात ठेवलेल्या बाराबंदीत कुठून येणार? पोशाख नुसता पुतळ्यावर चढवून मोकळे होणाऱ्या दालनांविषयी माझी तक्रार हीच आहे. काटक्यांचा पोशाख काचेआड मुका होतो. केव्ह यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात घोड्यांच्या आकाराचे तीस पोशाख नर्तकांच्या अंगावर चढवून नाचवले, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांना त्यांची सळसळ ऐकू आली. प्रत्येक दालनाला असा प्रयोग करणे जमणार नाही, पण पोशाखाशेजारी त्याच्या हालचालीची चित्रफीत आणि पाटीवर त्याचे वजन, एवढे तरी असायलाच हवे.

नमस्कार.