जुन्या नकाशातली किनाऱ्याची रेघ

कोकणचा जुना नकाशा समोर आला की आधी विचारायचं, किनाऱ्याची ही रेघ भरतीची की ओहोटीची? अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. भरतीला तो बेट असतो, पूर्ण ओहोटीला तिथं चालत जाता येतं. जमिनीच्या सर्वेक्षणाचे नकाशे किनारा भरतीच्या रेषेवर धरतात, म्हणून त्यांत किल्ला पाण्यात दिसतो. सागरी नकाशात खोली मोजतात ती ओहोटीच्या पाण्यापासून, कारण गलबत तळाला टेकू नये ही तिथली काळजी. त्यात मधला उघडा पडणारा पट्टा निराळ्या खुणेनं दाखवतात. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबरच आहेत. एकाची रेघ दुसऱ्यावर ठेवून ‘समुद्र पुढे आला’ म्हणालात, की फसलात.

हा फरक केवढा असतो? मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाला पाणी साधारण 4 मीटर चढतं-उतरतं. खाडीच्या तोंडाशी चिखलाला 100 मीटरला 1 मीटर उतार असेल, तर रेघ 400 मीटर सरकते. इंचाला मैल, म्हणजे 1:63,360 या प्रमाणात ते 6 मिलिमीटरहून जास्त भरतं. कातळ थेट पाण्यात उतरतो तिथं मात्र दोन्ही रेघा जवळजवळ एकच. म्हणून नकाशाची अचूकता कातळाच्या टोकांवर तपासावी आणि मगच खाडीतल्या बदलांकडे वळावं.

मुंबईची सात बेटं सर्वांना पाठ आहेत. पण बेटांमधली बरीचशी जागा म्हणजे खोल समुद्र नव्हता, भरतीला बुडणारं खाजण होतं. त्यामुळेच 1784च्या सुमारास वरळीजवळची मोठी खिंड गव्हर्नर हॉर्नबीच्या बांधानं बंद झाल्यावर आतला सखल भाग कोरडा होऊ शकला.

आता रेखांशाचं. भारतीय सर्वेक्षणाच्या जुन्या नकाशांच्या शीटांवर मद्रास वेधशाळेचा रेखांश 80°17′21″ धरलेला असे आणि बाकीचे रेखांश त्यावरूनच मोजलेले असत. सुधारित आकडा 80°14′54″. फरक 2 मिनिटं 27 सेकंदांचा, म्हणजे कोकणात सुमारे 4.3 किलोमीटर. समासातली बारीक टीप न वाचता असं शीट संगणकावर त्याच्या छापील रेखांशांनी बसवलं, तर अख्खा किनारा तेवढा पूर्वेला सरकतो!

त्यापेक्षा ठिकाणांवरून नकाशा बसवणं चांगलं, म्हणजे नकाशातलं ठिकाण त्याच्या आजच्या जागेशी जुळवायचं. साध्या पद्धतीला असे तीन बिंदू पुरतात, पण तिनांवर चूक नेहमी शून्यच दिसते आणि खोटा विश्वास बसतो. आठ-दहा बिंदू घ्या, शीटभर पसरलेले. किल्ल्याचे बुरूज, जुन्या देवळाचं शिखर चालेल. दीपगृह नंतर दुसरीकडे बांधलेलं नाही ना, एवढं पाहून घ्या. वाळूचा दांडा किंवा खाडीचं मुख कधीच घेऊ नका. ज्याचा बदल मोजायचा, तेच आधार कसं होईल? घडी घालता यावी म्हणून तुकडे करून कापडावर चिकटवलेला नकाशा असेल, तर प्रत्येक तुकडा वेगळा बसवा, कारण मधल्या फटी अंतरं वाढवतात.

शेवटी खारजमिनी, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेतं. खाडीकाठची वळणदार रेघ पुढच्या शीटवर एकदम सरळ झाली, तर तिथं बांध पडला असण्याची शक्यता मोठी. जोडीला भातखाचरं आणि उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं झडपेचं दार, आहे का पाहा. त्यानंतरच्या शीटवर तिथंच कांदळवन दिसलं, तर समुद्राची पातळी वाढली असं लगेच लिहू नका. बांध फुटून किंवा उघाडीची झडप निकामी होऊन खारं पाणी आत शिरलं आणि शेती सुटली, तरी नकाशावर हेच चित्र उमटतं.