कूस बदलता येत नाही तेव्हा

[दृश्य : सकाळ. परभणी जिल्ह्यातील एका गावातले घर. साठीच्या एक आजी भिंतीचा आधार घेत अंथरुणावरून उठत आहेत.]

या आजींच्या शस्त्रक्रियेला आज १३ दिवस झाले आहेत. अंग बाहेर येण्याचा त्रास त्यांनी कित्येक वर्षे अंगावर काढला आणि अखेर शहरातल्या एका रुग्णालयात जाऊन गर्भाशयाची शस्त्रक्रिया करून घेतली. टाके सुकत आले आहेत, ताप नाही, लघवीची तक्रार नाही. मात्र सकाळी उठताना कंबर धरते, खुब्यात कळ येते आणि उजवा हात वर नेताना खांद्यापाशी अडतो. कारण विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले आहे : "पाठीत सुई दिली बघा, तवापासून कंबर दुखायली." खांद्याला तर कुणी सुई टोचली नव्हती, मग तो का दुखतो, याचे उत्तर त्यांना कुणी दिलेले नाही.

भुलेसाठी पाठीत दिलेल्या सुईवरचा हा ठपका मराठवाड्यात घरोघरी ऐकू येतो. सिझेरियन झालेली तरुण आई असो की हर्नियाची शस्त्रक्रिया झालेले आजोबा, पुढच्या अनेक वर्षांची कंबरदुखी त्या एका सुईच्या खात्यावर मांडली जाते. सुईच्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो, हे खरे आहे. परंतु वर्षानुवर्षे टिकणारी कंबरदुखी त्या सुईमुळे होते, असे या विषयावरच्या अभ्यासांतून दिसून आलेले नाही. शिवाय पाठीला सुई न लावता, पूर्ण भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियांनंतरही कंबर दुखते, आणि टेबलावरचा वेळ जसजसा वाढतो तसतसे हे दुखणेही वाढते. म्हणून शोध घ्यायचा तो त्या दोन-तीन किंवा पाच-सहा तासांचा, ज्या वेळात शरीर एकाच स्थितीत पडून असते.

[दृश्य : रात्र. अंगणातल्या बाजेवर झोपलेले मूल कूस बदलते.]

झोपेत आपण रात्रभर हलत असतो. खांदा दबला, पाय अवघडला की जाग न येताही शरीर कूस बदलते. भुलेखाली ही राखण थांबते. दुखल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचत नाही, आणि स्नायू सैल करणारी औषधे दिली असतील तर सांध्याला सावरून धरणारा स्नायूंचा ताणही उरत नाही. जागेपणी आपला हात जितका मागे जाऊ शकत नाही, तितका तो भुलेखाली सहज नेता येतो, आणि तेव्हा त्याला अडवणारे कुणी नसते. उताणे झोपवलेल्या माणसाच्या कंबरेखाली जागेपणी जी कमानीसारखी पोकळी असते, ती स्नायू सैल पडल्यावर सपाट होते आणि मणक्यांना जोडणारे अस्थिबंध तासन् तास ताणलेले राहतात. आजींच्या कंबरदुखीचा एक मोठा धागा इथे सापडतो. पाठीतून भूल दिल्यावर रुग्ण जागा असतो, पण कंबरेखालच्या भागाची स्थिती हीच असते.

[दृश्य : शस्त्रक्रियागृह. टेबल रिकामे आहे. एक सिस्टर टेबलाला हाताची फळी जोडत आहेत.]

आता ही फळी जवळून पाहू. सलाईन लावलेला हात या फळीवर बाजूला पसरून ठेवतात. हात आणि धड यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा कमी असावा, असा नियम आहे. कारण त्यापुढे गेल्यावर खांद्याच्या सांध्यासोबत मानेतून काखेत उतरणारे मज्जातंतूंचे जाळेही ताणले जाते. फळी गादीच्याच पातळीवर हवी, कारण ती खाली राहिली तर हात मागे लोंबकळतो आणि खांद्याचा पुढचा भाग खेचला जातो. तळहात छताकडे ठेवतात. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या आणणारी नस कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीत, कातडीखाली लगेचच असते. तळहात पालथा राहिला तर तिच्यावर भार येतो. म्हणून सिस्टर कोपराखाली मऊ घडी ठेवतात. महागडे जेलचे पॅड असले तर उत्तम. नसले तर कापसाचा रोल आणि घडी घातलेली स्वच्छ चादर हे काम चांगले करतात.

[दृश्य : टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकेक मामा, म्हणजे रुग्णालयातले मदतनीस, उभे आहेत. रुग्णाचे पाय खांबांना लावले जात आहेत.]

आजींची शस्त्रक्रिया ज्या स्थितीत झाली, ती ही स्थिती. दोन माणसे दोन्ही पाय एकाच वेळी, सावकाश उचलतात आणि शस्त्रक्रिया संपल्यावर एकाच वेळी खाली घेतात. एक पाय आधी आणि दुसरा नंतर उचलला तर कंबरेचे मणके आणि माकडहाडाच्या वरचे सांधे पिळले जातात. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडे खाली, एक नस हाडाला चिकटून जाते. तिथे लोखंडी खांब टेकू नये म्हणून मध्ये जाड घडी ठेवावी लागते, नाहीतर पाऊल वर उचलण्याची ताकद जाऊ शकते. शस्त्रक्रिया ४ तासांपेक्षा जास्त लांबली तर पोटरीच्या स्नायूंचा रक्तपुरवठा घटण्याचा धोका असतो. म्हणून लांबलेल्या शस्त्रक्रियेत मध्येच पाय काही वेळ खाली घेतात.

मुतखड्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला अशाच स्थितीत ठेवण्याचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आहे. तिथे रुग्णाचे वरचे अंग एका धट्ट्याकट्ट्या माणसाच्या मांडीवर उताणे ठेवायचे, गुडघे दुमडून बांधायचे आणि कंबर कापडाच्या आधाराने उंच करायची, असे सांगितले आहे. भूल देण्याचे आजचे शास्त्र नसलेल्या काळातही कंबरेखालचे ते कापड लिहून ठेवावेसे कुणाला तरी वाटले, याचे मला फार अप्रूप वाटते.

कुशीवर झोपवून केलेल्या मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेत खालचा खांदा आणि खालचा खुबा भार सोसतात, तर पालथे झोपवून केलेल्या मणक्याच्या शस्त्रक्रियेत मान. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखतो त्याचे कारण मात्र बहुतेक वेळा वेगळे असते. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूमुळे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा चेतवला जातो आणि ती कळ खांद्यात जाणवते. ती काही दिवसांत आपोआप ओसरते.

[दृश्य : कापसाचे शेत. बायका वाकून कापूस वेचत आहेत.]

टेबलावर येणारे शरीर कोरे नसते. कापूस वेचून, खुरपणी करून, उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहून जी कंबर आणि जे गुडघे आधीच झिजलेले आहेत, त्यांना तीन तासांचा ताण अधिक जाचतो. आखडलेला खांदा, पूर्ण दुमडत नसलेला गुडघा, शस्त्रक्रियेने बदललेला खुब्याचा सांधा, आमवातामुळे कमकुवत झालेली मान, या गोष्टी भूलतज्ज्ञांना आधी कळल्या तर ते मांडणी बदलू शकतात. पण आपली माणसे त्या सांगत नाहीत. रक्तदाब विचारला जातो, साखर विचारली जाते, दमा विचारला जातो. गुडघ्याचे दुखणे "ते तर सगळ्यांनाच असतंय" म्हणून मनातच राहते. भूल कंबरेखालची असेल आणि पसरलेला हात अवघडला असेल, तरीही डॉक्टरांना कसे सांगायचे म्हणून रुग्ण गप्प पडून राहतो. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात असो, अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात असो की एखाद्या लहान खासगी रुग्णालयात, "तुमचा कोणता सांधा दुखतो, कोणता पुरता वळत नाही" हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारला गेलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. गर्दी कितीही असली तरी त्याला एक मिनिटच लागते.

शस्त्रक्रियेनंतरचे असे अवघडलेपण बहुधा काही दिवसांत, हालचाल वाढेल तसे कमी होत जाते. घरी शेक देताना एक काळजी घ्यावी : ज्या भागाला बधिरपणा आहे तिथे गरम पिशवी ठेवू नये, कारण भाजल्याचे कळत नाही. पोटरी दुखत असेल तर मालीश करू नये. रक्ताची गुठळी असू शकते. करंगळीतल्या मुंग्या थांबत नसतील, पाऊल उचलत नसेल, एकाच पायाला सूज आली असेल, सांधा लाल आणि गरम झाला असेल किंवा लघवीवरचा ताबा गेला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पायातली कळ क्षणाक्षणाला वाढत असेल आणि पोटरी दगडासारखी घट्ट लागत असेल, तर एक तासही घालवू नये.

[दृश्य : संध्याकाळ. रुग्णालयातील वॉर्ड. उद्या शस्त्रक्रिया असलेल्या एक मावशी खाटेवर बसल्या आहेत. समोर भूलतज्ज्ञ.]

या मावशींचा उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडलेला आहे. भूलतज्ज्ञ त्यांना हात बाजूला उचलायला सांगतात. हात निम्म्यावर थांबतो. त्या जोर लावू पाहतात, तेव्हा डॉक्टर म्हणतात, "राहू द्या, जितका जातो तितकाच दाखवा." मग त्या उताण्या झोपतात आणि गुडघे पोटाकडे घेऊन दाखवतात; डावा गुडघा कुठे अडतो, ते पाहून कागदावर टिपले जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भूल देण्यापूर्वी, टेबलाच्या उजवीकडची फळी त्यांचा हात जातो तेवढीच उघडली जाते. कोपराखाली चादरीची घडी सरकवत सिस्टर विचारतात, "मावशी, असं ठेवलं तर ताण येतोय का?"

"अजून जरासा खाली घ्या, ताई."